भिंतीतला पाइप कोणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा-कॉलेजं उघडायच्या तोंडावर नागपुरात घरं बदलण्याची धावपळ सुरू होते. अकरा महिन्यांचे करार भराभर होतात आणि त्यातलं एक वाक्य कुणीच नीट वाचत नाही : 'किरकोळ दुरुस्ती वापरणाऱ्याने स्वखर्चाने करावी.' किरकोळ कशाला म्हणायचं, ते मात्र लिहिलेलं नसतं.

आम्ही मानेवाड्यात भाड्याने राहतो. गेल्या उन्हाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल आली, पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे पडू लागले. प्लंबरने टाइल फोडली, तर आतला लोखंडी पाइप एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, इतका गंजलेला, की पान्याचा धक्का लागताच तुकडा त्याच्या हातात आला. घरमालकांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "वापरता तुम्ही, तर करूनही तुम्हीच घ्या." पाइप घर बांधलं तेव्हाचा! बरीच ओढाताण होऊन खर्च निम्मा-निम्मा ठरला. त्या रंगाची टाइल काही मिळाली नाही; घर सोडताना डिपॉझिटमधून तिचे पैसे कापतील, ही धास्ती आहेच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केलं नाही, तर भाडेकरू ते करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. ऐकायला छान आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचे करार 'लिव्ह अँड लायसन्स'चे, म्हणजे जागा वापरायच्या नुसत्या परवानगीचे. कायद्याच्या लेखी आपण भाडेकरू नव्हेच, त्यामुळे करारात असेल तेवढंच आपलं.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. त्याच्या परिशिष्टात ही वाटणी सरळ लिहिली आहे. पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळ, वॉशर, बेसिन, संडासाची दुरुस्ती, नालीची सफाई राहणाऱ्याकडे. गिझरही राहणाऱ्याकडेच, आणि ते मला पटत नाही. शहराच्या कडेला बोअरच्या पाण्यावर भागवणाऱ्यांना विचारा, क्षार साचून कॉइल कशी जाते ते. आधीच म्हातारा झालेला गिझर नव्या माणसाच्या गळ्यात बांधायचा, हा कुठला न्याय?

मालकांचंही सगळंच चूक नाही. एप्रिल लागला की आपल्यातले कित्येक जण बाथरूमच्या नळाला टी (पाणी दोन वाटांना नेणारा जोड) लावून नळी कूलरपर्यंत नेतात. कूलरमधला पाणी थांबवणारा फ्लोट अडकला की रात्रभर पाणी खालच्यांच्या गॅलरीत. तो भुर्दंड आपणच भरावा, त्यात मालकाला ओढू नये. मात्र जे मालक कागदच करत नाहीत, त्यांनी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचावं. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्यांची आहे. तो नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

आमच्या कराराचं नूतनीकरण आता आलंय. 'भिंतीच्या व जमिनीच्या आतली पाइपलाइन मालकाकडे, बाहेरचे नळ व जोडण्या राहणाऱ्याकडे' एवढी एक ओळ घाला, आणि चावी देतानाच नळ, फ्लश, गिझर चालवून बघून त्याचे फोटो सोबत जोडा, असं आम्ही सुचवलं. मालक नाही म्हणाले नाहीत. अडला तो एजंट : "फॉरमॅटमध्ये नाही ना ते." मग नोंदणी विभागाने ऑनलाइन मसुद्यातच दुरुस्तीच्या वाटणीचा रकाना द्यावा. केंद्राच्या त्या परिशिष्टाचा नमुना तयार आहे. त्यातलं गिझरचं तेवढं सुधारून घ्यावं.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर