मागच्या मोकळ्या जागेतील गवत कापल्याबाबत (तिसरे पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सोसायटी, पाथर्डी फाटा, नाशिक
दि. १५ सप्टेंबर २०२५

सा. न. वि. वि.

याच विषयावरची माझी दोन पत्रे आपल्या फायलीत आहेत. पहिल्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मिळाला, दुसऱ्यावर तोही नाही. मी भांडखोर माणूस नाही, हे बी विंगमध्ये कुणालाही विचारा.

काल, रविवारी सकाळी साडेसातला, मागे ग्रासकटर सुरू झाला आणि दहापर्यंत नाल्याकडचे सगळे गवत भुईसपाट. मारवेल, पवना नुकते निसवले होते, बी धरायला अजून अवकाश होता. आमच्या गावी कुरणाला दसऱ्याआधी विळा लावत नसत. बी पडले की कापायचे, म्हणजे पुढच्या पावसात गवत आपले आपण उगवते. आता तिथे गाजरगवत माजेल आणि पुन्हा मशीनवाल्याचे बिल येईल. पंधरा दिवस मुनियांची जोडी स्वतःपेक्षा लांब पाते चोचीत धरून बोरीकडे जाताना मी गॅलरीतून पाहत होतो. काल दुपारी दोघी कंपाउंडच्या तारेवर नुसत्या बसून होत्या.

हे कुणाच्या सांगण्यावरून झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सी विंगमधील त्या सन्माननीय सभासदांचे नाव मी घेत नाही. आधी त्यांनी तिथे लॉन लावले. ते मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर जगवले, तरी मेले. मग पाम आले. यंदाच्या मेमध्ये ‘फांद्या छाटतो’ म्हणत बाभूळ बुंध्यापासून तोडली. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे त्याला वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. तिची प्रत मी जूनमध्ये मागितली, अजून मिळायची आहे. त्या बाभळीवर कावळ्याचे घरटे होते. गेल्या आठवड्यात हेच गृहस्थ टेरेसवर पान ठेवून दीड वाजेपर्यंत ‘काव काव’ करत उभे होते. शेवटी पान घेऊन रिक्षाने रामकुंडावर गेले. मी काही बोललो नाही.

दर हिवाळ्यात ते नांदूर मध्यमेश्वरला जाऊन पक्ष्यांचे फोटो ग्रुपवर टाकतात. २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तेच जाहीर झाले, हेही त्यांनीच आम्हाला सांगितले. तिथल्या पाखरांना गवत चालते, आपल्या मागच्यांना मात्र कार्पेट लॉन हवे?

साप निघतात, असे ते म्हणतात. जुलैत निघाली ती धामण होती. बिनविषारी, आणि आली ती उंदरांमागे. उंदीर कशाने झाले, ते सी विंगच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन पाहावे.

तरी विनंती, या जागेत मशीन वर्षातून एकदाच लावावे, तेही दिवाळीनंतर. घाणेरी आणि गाजरगवत जरूर उपटावे, त्याला माझा विरोध नाही. दोन रविवार मी स्वतः येईन, गुडघा साथ देईल तितका. कालचे बिल मात्र मेंटेनन्समधून न देता ज्यांनी मशीन बोलावले त्यांच्याकडून घ्यावे. लेआउटमधली १० टक्के मोकळी जागा सर्वांसाठी सोडलेली असते, एका विंगच्या हौसेसाठी नव्हे. बी विंगमध्ये बहुतेकांचे हेच मत आहे, सही करायला कुणी तयार नाही एवढेच.

कळावे,
आपला,
बी-२०३

ता. क. जिन्यातल्या कुंड्यांबद्दलची नोटीस मिळाली. तो विषय वेगळा आहे. एका कुंडीत तुळस आहे, दुसरीत कढीपत्ता, आणि त्यावर सध्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. त्या उडून गेल्या की कुंडी हलवतो.