लॅक्स्टनचं शिवार दाखवणाऱ्या डॉक्टरकाकांना

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणून विषय मिटवला असतात. म्हणून चारचौघांत लिहितेय. आता सुटका नाही.

नॉटिंगहॅममधल्या गणपतीच्या पंगतीत आपण शेजारी बसलो होतो. निबंधात एका छोट्या इंग्लिश पॅरिशचा इतिहास-भूगोल लिहून द्यायचा होता आणि पॅरिश म्हणजे नक्की काय, इथेच माझं घोडं अडलं होतं. तुम्ही वरणभात कालवत म्हणालात, “मूळची चर्चची शिव गं. पिकाचा दहावा वाटा कुठल्या चर्चला घालायचा, त्याची हद्द. १८९४ च्या कायद्यानं खेड्यापाड्यांतल्या त्या हद्दींवर ग्रामपंचायती बसवल्या. मौजे म्हण की सरळ!” लायब्ररीत महिनाभर जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते ताक येईपर्यंत शिरलं.

आणि मग म्हणालात, “लॅक्स्टन हे खेडं घे. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी मोकळी राहा. आणि ते बूट चालायचे नाहीत.”

बूट खरंच चालले नाहीत. नॉटिंगहॅमशायरची ती तांबडी चिकणमाती मी जन्मात विसरणार नाही. आमच्या तासगावकडच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर चपला जड होतात, पण तिथं पाय उचलला की बूट मागंच. मी नकाशा उघडायला गेले तर तुम्ही म्हणालात, “नकाशा मग. आधी चिखल लागू दे.”

त्या दिवशी जे पाहिलं ते इतरांनाही कळावं म्हणून सांगते. एकेकाळी मध्य इंग्लंडातली बहुतेक खेडी अशीच कसली जायची: दोन-तीन अवाढव्य शेतं, त्यांत प्रत्येकाचे लांबट पट्टे, इथे एक तिथे एक, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला येई. १७५० नंतरच्या शंभर वर्षांत पार्लमेंटच्या कायद्यांनी ही शेतं मोडली, तुकडे एकत्र करून कुंपणं घातली. आपण ज्याला इंग्लंडचं निसर्गचित्र म्हणतो, ती हिरव्या कुंपणांची चौकट, ती बरीचशी या मोडतोडीतून आलेली. लॅक्स्टनमध्येही काही भाग कुंपणात गेला, पण वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन शेतं उरली, आणि ती आजही गावानं मिळून ठरवलेल्या पाळीनं कसली जातात. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी पाळी एक घर सरकते. पडीच्या रानात हल्ली वैरण घेतात, तेवढा बदल.

मला सगळ्यात आधी काय खटकलं ते आठवतं का? बांधच नाहीत! पट्ट्यापट्ट्यांमध्ये कुंपण नाही, वरंबा नाही, नुसती नांगराची एक सरी आणि टोकाला एक खुंटी. मी म्हटलं, “इथं तर रोज डोकी फुटत असतील.” तुम्ही काहीच बोलला नाहीत, ट्रॅक्टरच्या ट्रेलरकडे बोट दाखवलंत.

त्यात ज्यूरी बसलेली, म्हणजे गावची पंचमंडळी. डझनभर शेतकरी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एकाच्या हातात घण, एकाकडे वही. दरवर्षी नव्यानं गहू पेरलेलं शेत ही माणसं हिंडून तपासतात. खुंट्या रेषेत आहेत का, कुणी रस्त्यात किंवा शेजारच्या गवताच्या पट्टीत नांगर घातलाय का, चर साफ आहेत का. एका जागी सगळे थांबले. एक म्हातारा खाली वाकला, उगवलेल्या गव्हाच्या कडेला बूट लावून टाचेपुढे टाच टाकत चालला, आणि मान हलवली. पाऊलभर जास्त. वहीत नोंद झाली. ज्याचा पट्टा, तो त्याच ज्यूरीत बसलेला होता, कानापर्यंत लाल! मग घणाचे चार ठोके, खुंटी जागेवर, आणि मंडळी पुढे.

मी तुमच्या कानात म्हटलं, “काका, म्हणजे बांध कोरला.” तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की घणवाल्यानं वळून पाहिलं. त्याला तुम्ही इंग्रजीत काय समजावलंत देव जाणे, पण तो शब्द त्यानं दोनदा म्हणून पाहिला. ‘बॅंड कोर्ला’.

दुपारी डव्हकोट इन या पबमध्ये जेवण, आणि पुढच्या आठवड्यात तिथंच कोर्ट लीट भरतं. जमीनदारीच्या काळातलं न्यायालय. तिथं दंड कायम होतो, काही पौंडांचाच, आणि पुढच्या शेतासाठी नवी ज्यूरी शपथ घेते. १९७७ च्या कायद्यानं अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्स्टनला मात्र सूट दिली. मला वाटलं होतं की हे पर्यटकांसाठी जपलेलं नाटक असेल. पण ते लाल कान नाटकातले नव्हते.

गवताच्या त्या पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. पाणथळ, उताराच्या, नांगर न फिरणाऱ्या जागा. शेकडो वर्षं नांगर न लागल्यानं तिथं जुनी रानफुलं टिकली आहेत, म्हणून आता त्यांना सरकारी संरक्षण आहे. त्यांतल्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. गायरानाचा लिलाव म्हटलं की आमच्या गावात काय काय होतं ते मी तुम्हाला परतीच्या वाटेवर सांगितलं, ते इथे नको.

गावाची ठेवणही तुम्ही दाखवलीत तेव्हाच दिसली. शेतकऱ्यांची घरं रानात नाहीत, सगळी गावठाणातच रस्त्याला आडवी भिंत देऊन उभी, मागे अरुंद लांब परसं. “जिथं शेतं मोडली, तिथं शेतकरी आपापल्या मळ्यावर राहायला गेला. इथं पट्टे विखुरलेले. मळा कुठला आणि घर कुठं बांधणार?” हे तुमचं एक वाक्य मी निबंधात जसंच्या तसं घातलं. नाव घातलं नाही, याची माफी. आणि तो पिनफोल्ड! भटकी जनावरं कोंडायची जागा. तुम्ही ‘कोंडवाडा’ म्हणालात आणि पुढं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

चर्चमधली ती ओकच्या लाकडात कोरलेली बाई मी पुन्हा एकटी जाऊन पाहिली. एव्हरिंगहॅम घराण्यातली, चौदाव्या शतकातली. उत्तरेच्या किल्ल्याच्या टेकाडावर मात्र गेले नाही, पाऊस होता. त्या किल्ल्यावरचं ‘द कॉ’ घराणं म्हणजे शेरवूडच्या राजवनाचे वंशपरंपरागत रखवालदार, आपल्या भाषेत वतनदार, एवढ्यावर मी त्यांना निबंधात उरकलं.

शेवटी गाडीच्या डिकीतून तुम्ही ती गुंडाळी काढलीत. १६३५ चा नकाशा, मार्क पिअर्स या मोजणीदारानं केलेला, मूळ ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. एकेक पट्टा कुणाचा ते त्यावर कळतं आणि पट्ट्यांमध्ये चिमुकली माणसं नांगरतात, कापणी करतात, कुठे शिकार चाललीय. मी फोटो काढत होते. तुम्ही बॉनेटला टेकून सहज विचारलंत, “हा नकाशा करून घेतला कुणी, माहितेय?” लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टीन. त्यानं हे गाव विकत घेतलं होतं. आणि त्याच १६३५ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजानं त्याच्या मंडळींना पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली, ईस्ट इंडिया कंपनी नाराज असताना! पुढच्या वर्षी कोर्टीन वारला, पण कप्तान जॉन वेडेलच्या हाताखाली त्याची जहाजं १६३६ मध्ये गोव्याला येऊन लागली आणि मग कारवारला वखार पडली. ज्याच्या पैशानं तांबड्या मातीतली सरी न् सरी कागदावर आली, त्याच्याच पैशानं आपल्या किनाऱ्यावर मिरी जोखली जात होती. मी गाडीत तासभर गप्प होते. तुम्हाला वाटलं मला झोप लागली.

पुढं गाव पियरपाँट घराण्याकडे गेलं. त्यांचे वंशज अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून १९५२ मध्ये शेती मंत्रालयानं ते घेतलं, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे दिलं, आणि २०२० मध्ये ते फिरून मॅनव्हर्सांच्याच थोर्सबी इस्टेटकडे आलं. मालकांची ही साखळी मी पाठ केली, परीक्षकांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, खुंटी किती खोल ठोकतात? मी हातानं दाखवलं.

काका, आता खरं कारण. आमच्या घरी चुलत्यांशी बांधावरून बावीस वर्षं अबोला आहे. कोर्टात तारखा, मोजणीवाल्यांचे हेलपाटे, लग्नात एकमेकांकडे पाठ. दिवाळीत गावी गेल्यावर मी वडिलांना त्या ट्रेलरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा पाहिला. लाल कानवाला हसला तिथं थांबवून विचारलं, “हा कोण?” मी म्हटलं, ज्यानं कोरला तो. “आणि तो त्यांच्याच गाडीत बसलाय?”

दोन दिवसांनी ते एकटेच रानात जाऊन आले. चुलते त्यांच्या बाजूनं उभे होते म्हणे. बोलले नाहीत. दावा चालूच आहे, तुम्हाला गोड काहीतरी सांगायला मी तो मिटवून टाकणार नाही. पण परवा फोनवर वडिलांनी विचारलं, त्या खुंट्या कसल्या लाकडाच्या असतात, पावसानं कुजत नाहीत का. मला सांगता आलं नाही.

तुम्ही तिकडं गेलात की त्या घणवाल्याला तेवढं विचारून कळवा. काकूंना नमस्कार. तुमचे रबरी बूट धुऊन माझ्याकडेच आहेत, पुढच्या नोव्हेंबरात घेऊन येते.

तुमची,
चिखलात बूट हरवलेली विद्यार्थिनी