गर्दीतले बोलणे कळेनासे होते, तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिकांसाठी आपल्या शहरात जी आरोग्य शिबिरे भरतात, त्यांत रक्तदाब, साखर आणि डोळे आवर्जून तपासले जातात, कान मात्र बहुतेक वेळा राहून जातात. ‘वय झालं, कमी ऐकू येणारच’ हे वाक्य घराघरांत इतके मुरले आहे, की त्यामागे आणखी काही असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. आम्हालाही आली नव्हती.

माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या गलक्यात पुकारलेला भाव एका दमात टिपणारा हा माणूस निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर मित्रांच्या घोळक्यात बसायचा. घरात समोर बसून बोलले, तर आबांना सगळे समजे. पण कट्ट्यावर चौघे एकदम बोलू लागले, की ते नुसते हसून मान हलवत. एका लग्नात भाच्याने ‘आबा, कशानं आलासा?’ असे विचारले, तर ‘झालं की जेवण’ म्हणाले. सगळे हसले, मीही हसले, आणि ते हसणे आजही मला बोचते. पुढे त्यांनी कट्ट्यावर जाणेच सोडले. तपासणीत, बंद खोलीत हेडफोन लावून काढलेला आलेख वयाच्या मानाने चांगला आला, म्हणून काळजीचे कारण नाही असे सांगून आम्हाला परत पाठवले गेले. दोन वर्षांनी आबांची दुधाच्या हिशेबाची साधी बेरीज चुकू लागली आणि मग स्मृतिभ्रंशाचे निदान झाले.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. बंद खोलीतली चाचणी कानाला किती बारीक आवाज पोचतो एवढेच सांगते. गोंगाटातून एकाच माणसाचे बोलणे वेगळे काढणे, आधीचा शब्द ध्यानात धरून पुढच्याशी जोडणे हे काम मेंदूचे आहे, आणि त्याला अवधान व स्मरण दोन्ही लागतात. म्हणून कान ठीक असूनही गर्दीतले बोलणे निसटू शकते. ब्रिटनमधील साठ वर्षांवरील सुमारे 82 हजार लोकांच्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना गोंगाटातले बोलणे फारच कमी कळत होते, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका 91 टक्क्यांनी अधिक आढळला. अर्थात कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो, असे मुळीच नाही. कित्येकदा कानात साचलेला मळच काय तो कारण असतो, आणि तोही तपासल्याशिवाय कळत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे दिली आहेत, त्यांत श्रवणदोष आहे. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत श्रवणयंत्राचा फायदा सरसकट सर्वांना दिसला नाही. मात्र ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात बौद्धिक ऱ्हासाचा वेग 48 टक्क्यांनी मंदावला. चष्मा लावताना न लाजणारी आपली माणसे कानाचे यंत्र खिशात लपवतात, याचे म्हणूनच फार वाईट वाटते.

शिबिरे भरवणारी मंडळे, तालमी आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांना माझी विनंती आहे, की साखरेबरोबर कानही तपासावेत, आणि गोंगाटात उच्चारलेले आकडे ओळखण्याची सोपी चाचणी मराठीतून घ्यावी. कानाच्या डॉक्टरांनी आलेख चांगला आला तरी ‘चारचौघांत बोलणे कळते का’ हा प्रश्न रुग्णाला आणि घरच्यांना वेगवेगळा विचारावा. आबा आम्हाला ‘समदं ऐकू येतंय’ असेच सांगत असत.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर