मोबाईल गावातनं आबांना पत्र

ती. आबांना साष्टांग नमस्कार,

ताई, हे आबांना संध्याकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर मोठ्यानं वाचून दाखव आणि मधेमधे आपल्या पदरचं काही घालू नको. आईला सांग मी दोन्ही वेळा जेवतोय, भाकरी जमत नाही अजून, पण पिठलं जमतंय.

आबा, परवा फोनवर तुम्ही परत विचारलंत गाव कुठलं, मी मोबाईल म्हणलं, तर तुम्ही म्हणालात अरे मोबाईलवरनंच बोलतोयस ते कळलं, गाव सांग. तर तेच गावाचं नाव आहे. अलाबामा राज्यात, खाडीच्या काठावर, इथली माणसं 'मोबील' म्हणतात. पाऊस असा की अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या शहरांत ह्याचं नाव घेतात, जानेवारीतसुद्धा छत्री घेतल्याशिवाय निघायची सोय नाही, गगनबावड्यात राहिल्यासारखं वाटतं, फक्त चहाची टपरी नाही.

बरं, मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात इथं सीनियर बोल झाला, म्हणजे कॉलेजच्या निवडक पोरांची फुटबॉलची मॅच, आणि तीन दिवस मी तुमचीच आठवण काढत होतो, म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर माझा आळस तुम्हाला माहितीच आहे.

इथला फुटबॉल म्हणजे आपला लाथा मारायचा फुटबॉल नव्हे. निम्मी कबड्डी, निम्मी कुस्ती, आणि डोक्याला हेल्मेट. पोरं कॉलेजकडनं खेळतात, सीझन संपला की त्यातली निवडक शंभर-सव्वाशे इथं बोलावतात, दोन टीम पाडतात, शिकवायला धंदेवाईक लीगचे म्हणजे एनएफएलचे कोच, आणि बघायला त्या लीगच्या सगळ्याच्या सगळ्या ३२ टीमांचे स्काऊट. स्काऊट म्हणजे पोरं हेरणारे. १९५० साली पहिली मॅच फ्लोरिडात झाली, पुढच्याच वर्षी इथं आली ती आजतागायत इथंच. आधी गावातल्या जुन्या स्टेडियमवर व्हायची, २०२१ पासनं आमच्या युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर होते, म्हणजे माझ्या लॅबपासनं चालत पंधरा मिनिटं. एप्रिलमध्ये मग ड्राफ्ट, ३२ टीमा ओळीनं एकेक पोरगं उचलणार, सात फेऱ्या, सगळी मिळून अडीचशेच्या आसपास पोरं, बाकीच्यांनी आपलं आपलं बघायचं.

आता गंमत ऐका. मॅच असते शनिवारी. पण हे सगळं ज्यांच्यासाठी मांडलेलं असतं ते स्काऊट, त्यातले कितीतरी गुरुवारची प्रॅक्टिस संपली की बॅगा उचलून एअरपोर्टला! मॅच बघायला उरतात गावातली माणसं आणि पोरांचे आईबाप. स्काऊटांना मंगळ-बुध-गुरुची प्रॅक्टिसच बघायची असते. मी हसायलाच लागलो, कारण तुम्ही पण कुणाचं पोरगं तालमीत घ्यायचं असलं की जत्रेच्या फडाला जायचा नाही, पहाटे त्या गावच्या तालमीत जाऊन कोपऱ्यात घोंगडं घेऊन बसायचा.

मला हे सगळं कळायचं कारण म्हणजे आमच्या शेजारचे म्हातारे. पंच्याहत्तरीचे आहेत, कुठल्यातरी लहान कॉलेजात लाइनच्या, म्हणजे पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणाऱ्या पोरांचे कोच होते, रिटायर झाल्याला जमाना झाला तरी सगळी गल्ली त्यांना कोचच म्हणते, जसं तुम्हाला पोस्टमन पण वस्ताद म्हणतो. मी त्यांचा प्रिंटर दुरुस्त करून दिला, त्याची परतफेड म्हणून त्यांनी मला प्रॅक्टिसला नेलं. हातात दुर्बीण, खिशात पेन्सिल, आणि एक चौकोनी वही, अगदी तुमच्या खुराकाच्या वहीसारखी तेलकट.

आधी मोजमाप. पोरांना नुसत्या चड्डीवर उभं करून वजन, उंची, हाताची लांबी, दोन्ही हात पसरून वाव, सगळं मोजतात. उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत, आणि लिहितात कसं, तर सहा फूट दोन इंच आणि वर तीन अष्टमांश असली की ६०२३. कोचच्या वहीत असले चार-चार आकडेच, मला आधी वाटलं फोन नंबरांचे तुकडे आहेत. आणि वीत मोजतात आबा, वीत! अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत. बॉल फेकणाऱ्याची, म्हणजे क्वार्टरबॅकची वीत लहान असली की पावसात बॉल निसटतो म्हणे. २०२२ ला केनी पिकेट नावाचं पोरगं आलं होतं, त्यानं इथं वीत मोजूच दिली नाही, म्हणाला नंतर. महिनाभर सगळ्या देशात त्या वितीची चर्चा, आणि पुढं मोजली तर साडेआठ इंच, म्हणजे त्यांच्या हिशोबानं बारकीच. तरी त्याला विसाव्या नंबरला उचललं. मी रूमवर येऊन माझी मोजली, पावणेआठ. ताईनं हसू नये.

लाइनवाल्या पोरांचं तसंच, हाताची लांबी ३३ इंचाच्या आत भरली की कडेचं पोरगं आत सरकवायचा रिवाज, कारण बाहेरनं येणारा लांब हातानं आधी छातीला लागतो. तुम्ही पण उभ्या उभ्या पोराचं मनगट धरून मान दाबून बघायचा, टेप कधी लावली नाहीत एवढाच फरक.

पण खरी मजा वन-ऑन-वनची. ही सरळ सरळ जोड लावणंच. एका बाजूनं अडवणारा, समोरनं घुसणारा, मागं एक जण क्वार्टरबॅक म्हणून उभा, शिट्टी झाली की तीन सेकंदात निकाल. दोघं दीडशे किलोच्या आगंमागं, आणि ते एकमेकांवर आदळल्याचा आवाज म्हणजे आपल्या वाड्याचा दरवाजा वाऱ्यानं आपटतो ना, तसा. पहिल्यांदा मी दचकलोच. कोचचं लक्ष वर नव्हतंच, दुर्बीण सगळी पायावर. म्हणाले हात खोटं बोलतात, टाचा बघ. टाच उचलली गेली, पाय एका रेषेत आले की पोरगं गेलं, मग वर कितीबी ताकद असू दे. मला तर खालनं तुमचाच आवाज आला, "पवित्रा! पवित्रा!"

आणि ही जोड अडवणाऱ्यावर अन्यायाची असते हेही त्यांनीच सांगितलं. खऱ्या मॅचमध्ये त्याच्या शेजारी दुसरा असतो, इथं एकट्यानं सगळं मैदान राखायचं, घुसणाऱ्याला दोन्हीकडनं वाट मोकळी. म्हणून कोण हरलं ह्याला फार किंमत नाही. कसा हरला ते लिहितात.

एक पोरगं होतं, लहान कॉलेजचं, हेल्मेटवर जे चिन्ह होतं ते आजूबाजूच्या कुणाला ओळखता येईना (इथं टीम एक असली तरी हेल्मेट ज्याचं त्याच्या कॉलेजचं, त्यामुळं मैदान सगळं जत्रेसारखं रंगीबेरंगी दिसतं). पहिल्या जोडीला त्याला समोरच्यानं असं उचलून टाकलं की बघणारे 'ओऽऽ' करून ओरडले. दुसऱ्यांदा पण तेच, फक्त दुसऱ्या बाजूनं. मी म्हणलं संपलं ह्याचं. कोच म्हणाले आता ड्रिल बघू नकोस, ड्रिल सगळे बघतात, तू रांग बघ. तर ते पोरगं रांगेत मागं गेलं, हेल्मेट काढलं नाही, कुणाशी बोललं नाही, रांगेच्या कडेला एकटंच उभं राहून तोच पहिला पाय टाकायचा, परत मागं घ्यायचा, परत टाकायचा, असं आठ-दहा वेळा केलं. मग आपला नंबर नसताना पुढच्याला विचारून मधे घुसलं आणि मागच्याच भिडूला बोट दाखवलं, की तूच ये. तिसऱ्यांदा थोपवलं त्यानं. फार भारी नाही, मागं सरकतच होतं, पण तीन सेकंद काढले. कोचनी वहीत काहीतरी लिहिलं. बघितलं तर आकडा नाहीच, दोनच शब्द, 'परत मागितली', म्हणजे जोड. खाली रेघ मारलेली.

आजूबाजूला बघितलं तर कुठल्या कुठल्या टीमांची जाकिटं घातलेली पन्नासएक माणसं, काही आपली पोरीटोरींसारखी गप्पा मारणारी, काहींचं तोंड शिवलेलं, आणि तेवढीच पाच-सहा माणसं त्या वेळी खाली मान घालून लिहीत होती. कोच म्हणाले ती पाच-सहा लक्षात ठेव, बाकीचे कॉफीला आलेत.

कोचकडनं जुन्या गोष्टी पण ऐकल्या. २०१४ ला ॲरन डोनाल्ड आलेला, उंची सहा फुटाच्या जेमतेम वर, त्या जागेला बुटकाच म्हणायचा, कागदावर सगळ्यांनी नाकं मुरडली. इथं जोडीला उभा राहिला आणि एकालाही आवरला नाही. तेराव्या नंबरला गेला, आणि पुढं बचाव करणाऱ्यांतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तीनदा झाला. २०१६ ला डॅक प्रेस्कॉट इथल्या मॅचचा सर्वोत्तम ठरला, तरी टीमा १३५ नंबरपर्यंत त्याला सोडत गेल्या, आणि त्याच वर्षी तो डॅलसच्या टीमचा मुख्य क्वार्टरबॅक! मग एवढ्या टेपा, दुर्बिणी आणि वह्या कशाला असं मी विचारलं तर हसले नुसते.

पण मला आवडला तो क्विन माइनर्झ. २०२१ चा. अगदी खालच्या पायरीच्या, डिव्हिजन थ्री कॉलेजचा, म्हणजे जिथं खेळाची स्कॉलरशिप पण देत नाहीत. त्यात कोविडमुळं त्याचा सीझनच रद्द झाला, तर हा पठ्ठ्या कॅनडात रानात जाऊन झाडांना रेटे मारून प्रॅक्टिस करायचा. इथं आला ते जर्सी वर गुंडाळून, ढेरी उघडी टाकून. मोठमोठ्या कॉलेजच्या पोरांना नुसतं दाबून ठेवलं, हात मोडला तरी खेळत राहिला, आणि ९८ नंबरला डेन्वरच्या टीमनं उचलला, आता देशातल्या वरच्या गार्डमध्ये, म्हणजे लाइनीत आतल्या बाजूला अडवणाऱ्यांत गणतात. त्या ढेरीचे फोटो कोचनी फोनमध्ये ठेवलेत, मला तीनदा दाखवले. आबा, झाडाला रेटे मारायचं तुम्ही मळ्यातल्या आंब्यावर सांगायचा, ते आठवलं. त्या आंब्याची साल अजून तिथं गुळगुळीत आहे का?

संध्याकाळी हॉटेलात पोरांच्या मुलाखती असतात, पंधरा-वीस मिनिटं, एकामागनं एक टीम. आणि त्याच हॉटेलच्या लॉबीत दुसरीच जत्रा, नोकरी गेलेले कोच इस्त्रीचे शर्ट घालून ह्याला त्याला हात मिळवत फिरतात, कुठं जागा आहे का म्हणून. कोच एकाला ओळखत होते. त्यांनी मिठी मारली, खिशात हात घातला, काय दिलं ते मी बघितलं नाही.

येताना गाडीत मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. तुम्ही नव्या पोराला डाव शिकवायच्या आधी आठ दिवस नुसता आखाडा खणायला लावायचा आणि आपण पेपर वाचतोय असं दाखवायचा, ते ऐकून म्हाताऱ्यानं स्टेअरिंगवर हात आपटला, म्हणाले हाच, हाच माणूस पाहिजे होता मला! मग मी त्यांना हेही सांगितलं की मी सातवीत असताना आठ दिवस खणलं, हाताला फोड आले, आणि नवव्या दिवशी तुम्ही म्हणालात बारक्या, उद्यापासनं येऊ नकोस. दादाला ठेवलंत. मला नाही.

खरं सांगतो, लई वर्षं राग होता. दादा गदा घेऊन यायचा आणि मी फोटो काढायचो. आता तसा राग नाही, पण कोचनी विचारलं, त्यांनी काय बघितलं तुझ्यात? मला सांगता येईना. तुम्हाला मी कधी विचारलंच नाही. म्हणाले, विचार, पोरगं नाकारताना पण वहीत एक ओळ लिहावी लागते, त्यांच्या डोक्यात ती असणारच.

तर विचारतोय. माझी ओळ काय होती? हात बारीक होते हे नका सांगू, हात दादाचे पण बारीकच होते तेव्हा. ताईच्या फोनवर व्हॉइस मेसेज करा, लांबला तरी चालेल, वाईट असलं तरी चालेल.

आणि दादाला सांगा, पुढच्या वेळी माती कालवाल तेव्हा व्हिडिओ काढून पाठव. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतो म्हणलं तर कोचना वाटलं मी रेसिपी सांगतोय, विचारतात हे खाता कधी. त्यांना नीट दाखवायचंय. हळद घालतानाचं जवळनं घे म्हणावं, आणि मागं रेडिओ बंद ठेव.

काकूंना नमस्कार, बारक्यांना पापे. पुढच्या महिन्यात पैसे पाठवतो, गोठ्याचा पत्रा आधी करून घ्या.

तुमचा नातू,
बारक्या