सूचना : ‘सावर’ अल्बम मुलांना लावून देण्याआधी

जुळे सोलापुरातील सर्व पालक सभासदांना,

सुट्टीतल्या नाचाच्या सरावासाठी ९ ते १२ वर्षांची मुलं अमेरिकन गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोची गाणी मागत आहेत. तिचा पहिला अल्बम ‘सावर’ (Sour) मे २०२१ मध्ये आला, तेव्हा ती १८ वर्षांची होती. एकूण ११ गाणी, बहुतेक प्रेमभंगाची. लैंगिक वर्णन जवळपास नाही, ही जमेची बाजू. अडचण शिव्यांची आहे. पहिल्याच ‘ब्रूटल’मध्ये आणि ‘गुड फॉर यू’मध्ये इंग्रजीतली ठळक शिवी येते. ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ हळुवार वाटतं म्हणून पालक बिनधास्त लावतात, पण शिवी त्यातही आहे, उत्तरार्धात.

स्पॉटिफायच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सप्लिसिट’ (शिव्या वगैरे असलेला) मजकूर बंद करा. इंग्रजी ‘ई’ची खूण असलेली गाणी मग वाजत नाहीत. मात्र त्यांच्या जागी शिवी गाळलेली आवृत्ती आपोआप येत नाही, ती वेगळी शोधावी लागते. यूट्यूबवर चाहत्यांनी चढवलेल्या, गाण्याचे शब्द दाखवणाऱ्या व्हिडिओंना बहुधा अशी खूणच नसते, त्यामुळे ते सरावाला नकोत.

‘जेलसी, जेलसी’ मात्र मुलांसोबत बसून जरूर ऐका. मोबाइलवर इतरांचे फोटो बघून स्वतःला कमी लेखणं हाच त्याचा विषय आहे आणि पाचवी-सहावीच्या मुलींना तो आत्ताच भिडतो. ‘होप यू आर ओके’मध्ये बापाकडून छळ झालेल्या मुलाचा उल्लेख आहे. तिथे प्रश्न येतील, तेव्हा जवळ असा.

सरावाचं गाणं पक्कं करण्याआधी शब्द एकदा पूर्ण वाचा आणि कोणती आवृत्ती घेतली ते गटात कळवा.