एका वेळी एकच उदबत्ती लावा हो

मा. संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, लग्न होऊन इकडे आले त्याला ३४ वर्षं झाली, त्यामुळे माझ्या मराठीत मधेमधे हिंदी घुसतं, तेवढं चालवून घ्या. पत्राचा विषय उदबत्ती. हसू नका.

मागच्या गणपतीत आमच्या भागातल्या एका आरतीला गेले होते. हॉल लहान, एसी चालू म्हणून खिडक्या बंद, आणि एका उत्साही भाऊंनी अख्खा पुडा सोडला, केळ्यांत खोचला आणि एकदम पेटवला. दुसरी आरती सुरू होईपर्यंत मूर्ती धुरकट दिसायला लागली. नात ७ वर्षांची, तिला दमा आहे, तिला उचलून बाहेर पायरीवर आणलं, पंप दिला, पाठ चोळत बसले, तर आतून एक काकू आल्या आणि म्हणाल्या, "अगं देवाच्या धुराने काही होत नसतं." यावर काय बोलणार!

मी काही धूपाच्या विरोधात नाही. माझी आजी धुळ्याला रोज दिवेलागणीला धुपाटण्यात शेगडीतले दोन निखारे घ्यायची, वर चिमूटभर गुग्गुळ नि राळ, ते चुरचुरायचं, फुगायचं, मग पांढरा धूर, की आजी सगळ्या खोल्यांतून फिरवून मागच्या अंगणात नेऊन ठेवायची. पाच-सात मिनिटांचा खेळ. घर कौलारू, फटीफटीतून वारा. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी द्यायची तीही अशीच जराशी.

आणि पूजेत आपण म्हणतो काय, तर "वनस्पतिरसोद्भूतो". म्हणजे झाडाच्या रसापासून झालेला धूप. आता बाजारातली साधी उदबत्ती बघा, बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, चिकटायला जिगट, अशी कच्ची बत्ती वाळवायची आणि मग सेंटात बुडवायची, तो सेंट पुष्कळदा डीईपी नावाच्या तेलकट केमिकलमध्ये मिसळलेला असतो. मोगरा म्हणून जो वास येतो त्यात मोगरा कुठेच नसतो. (तिरडीला लागतो म्हणून बांबू जाळू नये असं सांगणाऱ्याच घरात सकाळ-संध्याकाळ बांबू जळतो, ते जाऊ द्या.)

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून थोडं वाचलं तर कळलं की १ ग्रॅम उदबत्ती जळली की साधारण ४५ मिलिग्रॅम बारीक कण हवेत जातात, सिगारेटच्या १ ग्रॅमला साधारण १०. मी वाचून पुडा कपाटात ठेवून दिला. तेही अशा गावात, ज्याचं नाव २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रदूषणाच्या यादीत जगात दुसऱ्या नंबरला होतं, पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. बाहेर ही हवा, निदान घरात तरी बरी असू द्या ना.

दुसरी तक्रार ध्यानाच्या वर्गाची, नाव घेत नाही. तळघरातली खोली, चाळीसेक माणसं, कोपऱ्यात धूपकांड्या धुमसतायत आणि ताई गोड आवाजात सांगतात, "श्वासावर लक्ष द्या." अहो लक्ष जाणारच, श्वास घेताच येत नाहीये! डोळे मिटलेल्या चाळीस जणांचं खाकरणं ऐकत बसायचं म्हणजे ध्यान का? खिडकी उघडू का विचारलं तर म्हणे बाहेर टमटमचे हॉर्न ऐकू येतात. जपानातल्या झेन मठात म्हणे बैठक उदबत्तीने मोजतात, एक काडी जळून संपली की उठायचं, साधारण ४० मिनिटं. एक काडी, बरं का.

मग आता करायचं काय? मी दालबाजारात गुग्गुळ घ्यायला गेले तर पंसारीवाल्याने दोन डबे काढले, एकात मातीमिश्रित काळपट चुरा, दुसऱ्यात पिवळसर-तपकिरी खडे, आणि म्हणाला, "बहनजी, असली माल अब कम आता है." खरंच आहे. गुग्गुळाचं काटेरी झुडूप आपल्याकडे मुरैना-भिंडच्या चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, होतं, पण जास्त डिंक निघावा म्हणून खोडाला इतके खोल घाव घालतात की झाड वाळून जातं, आज त्याची गणती नामशेष व्हायच्या काठावरच्या झाडांत होते. म्हणजे अस्सल गुग्गुळही पोतं भरून जाळायची गोष्ट नाही. सालईचा डिंक त्यामानाने जवळचा, श्योपुरच्या जंगलातून सहरिया आदिवासी गोळा करून आणतात, अरबस्तानातल्या लोबानाच्या झाडाची ही सख्खी बहीण, वास जरा लिंबासारखा. मी हल्ली गुरुवारी गोवरीचा तुकडा लाल करून त्यावर हरभऱ्याएवढा सालईचा खडा ठेवते, गॅलरीचं दार सताड उघडं, नात दुसऱ्या खोलीत. धूर तो धूरच, झाडाचा असला म्हणून नातीच्या छातीला तो कळतो थोडाच.

पुढच्या गणपतीला आमच्या मंडळींना एवढंच म्हणणं आहे की देवासमोर एक काडी लावा, पूजा सांगतानाचा धूप तिच्यानेही होतो, आणि ज्यांना पुडाच पेटवायचाय त्यांच्यासाठी दाराबाहेर वाळू भरलेली कुंडी ठेवा. कुंडी आणि वाळू माझ्याकडून.

आपली,
एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर