दोन एकर विकण्याआधी

चि. विकास यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला चार दिवस आलास, पण बोलायचं ते राहूनच गेलं. एसटी स्टँडसमोरच्या फलकावर 'भावी आमदार' म्हणून तुमच्या नेत्याचा फोटो आहे आणि खालच्या ओळीत तुझाही. आईनं तो दोनदा जाऊन पाहिला. तिला कौतुक वाटलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या जिल्हा परिषदेला उभं राहायचं, मग विधानसभा, आणि त्यासाठी ओढ्याकडचे दोन एकर काढायचे, असं तू आईजवळ बोललास. मला थेट विचारलं असतंस तरी मी रागावलो नसतो.

राजकारणात जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. सांगोल्याच्या माणसानं तसं म्हणूही नये. आमदार काय करू शकतो हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला इकडे आले. 1962 साली पहिल्यांदा निवडून आले, आणि पुढे याच एका मतदारसंघातून एकूण 11 वेळा. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. 1978 ला पुलोदच्या, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या, आणि 1999 ला विलासरावांच्या सरकारात मंत्री होते, तो काळ सोडला तर बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर गेलं.

तुझी पिढी विचारते, विरोधात राहून निधी कसा आणणार? म्हणून पाण्याचंच सांगतो.

1972 च्या दुष्काळात तुझी आजी खडी फोडायला जायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते परत नीट आलंच नाही, तुला आठवत असेल. खायला सुकडी मिळायची, ती आजी पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. त्याच वर्षी आबासाहेब निवडणूक हरले होते. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. रोजगार हमीचा कायदा 1977 साली विधिमंडळात झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क कागदावर यायला सभागृहात बसून कलम न् कलम वाचणारी माणसं लागली. त्यांत एक आपला होता, याचा मला अजून अभिमान वाटतो.

मग कृष्णेचं पाणी. आटपाडीला 1993 पासून 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायला लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब तिथे पुढे असायचे. 1996 ला टेंभू योजनेला मान्यता मिळाली. कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं आणि खानापूर, आटपाडी करत आपल्याकडे आणायचं. हजारो कोटींचं काम. आमदाराचा स्थानिक विकास निधी आज वर्षाला 5 कोटी आहे. त्यात सभामंडप होतो, रस्त्याचा तुकडा होतो, पण नदी येत नाही. तिच्यासाठी सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, आणि बाहेर सुधारित मान्यता, भूसंपादन, वीजबिल, सगळ्याच्या मागे लागावं लागतं. मंत्री बदलला की पुन्हा पहिल्यापासून. हेच आमदाराचं खरं काम आहे, आणि ते फलकावर छापता येत नाही.

पाणी माणगंगेत आलं ती सकाळ तू पाहिली नाहीस, पुण्यात होतास. आधी पाणी दिसलंच नाही, नुसता पाचोळा सरकत आला. त्याच्या पुढं मातकट फेस, मागं बाभळीच्या शेंगा, आणि मग बोटभर पाणी वाळूत मुरत, थांबत, पुन्हा पुढं येत. तुझ्या आईनं चप्पल काढून पात्रात पाय ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. मी नारळ फोडायचा तो हातातच धरून उभा. तुझी आजी असायला हवी होती रे.

मी 31 वर्षं कंडक्टरकी केली. एसटीत खिडकीवर 'विधानसभा सदस्य' लिहिलेली सीट असते. ती बहुतेक कुणाच्याच कामी येत नाही, आमदार एसटीनं फिरत नाहीत. आबासाहेब फिरायचे. ते गाडीत असले की माणसं दांडीला धरून पुढं यायची, खिशातून घडी घातलेला कागद काढायची. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जळालेला डीपी, कुणाचा पेन्शनचा अर्ज. मी तिकिटं फाडत ऐकायचो. आमदाराशी बोलायला त्याच्या गाडीची काच खाली व्हायची वाट बघावी लागू नये, एवढं मला तेव्हा कळलं.

तेही हरले, 72 ला आणि 95 ला. माझ्या मते त्यांची खरी ओळख तिथंच पटते. पद गेलं म्हणून पक्ष बदलला नाही. 1999 ला पुन्हा निवडून आले, 2014 ला वयाची 85 ओलांडल्यावरही आले. 2019 ला स्वतः थांबले, आणि 30 जुलै 2021 ला गेले.

आता तुझं. विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाख आहे. तू दोन एकर विकून त्याच्या जवळपासही पोहोचणार नाहीस, आणि गावात मर्यादेचं कुणी मनावर घेत नाही हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्या थोरल्या चुलत्यानं पंचायत समितीसाठी दीड एकर घालवलं. ज्यांच्यासाठी घालवलं ते निकालानंतर त्याच्या दारावरून गाडी न थांबवता गेले. तो आजही त्याच रानात दुसऱ्याच्या डाळिंबाची छाटणी करायला जातो. मला तुझं तसं झालेलं बघवणार नाही. म्हणून सह्या मी आत्ता करणार नाही.

पण एक काम देतो. आपल्या वस्तीवरच्या 40 खातेदारांचे पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज दर हंगामाला अर्धवट राहतात. कुणाचा उतारा नसतो, कुणाची मागची पट्टी थकलेली. म्हणून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी मिळत नाही, आणि मग सगळे पुढाऱ्याला शिव्या देतात. तू वकिलीचं शिकलास. दोन हंगाम हे अर्ज तू भर, शाखा कार्यालयात दे, पोच घे, आणि पाणी शेवटच्या चारीला येईपर्यंत पाठ सोडू नकोस. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन लागेल, तेव्हा गॅलरीचा पास काढून दोन दिवस बसून ये. लक्षवेधी कशी मांडतात, मंत्री उत्तर कसं टाळतो, ते बघ. फलकाचे पैसे त्या तिकिटाला पुरतील.

एवढं करूनही उभं राहावंसं वाटलं, तर शेत न विकता कसं राहता येईल ते आपण दोघं बसून ठरवू. प्रचाराला मी पायी फिरेन.

शनिवारी ये. उतारे मी गोळा करून ठेवलेत, 11 जणांचे अजून राहिलेत. शाखा कार्यालयात साहेब सोमवारी भेटतात. मी बरोबर येतो.

तुझे,
आप्पा